कार्तिकातली नऊ वांगी

पहाटे अंगावर दुसरी गोधडी ओढावीशी वाटली, की माझी जीभ आपोआप टाळूला लागते. चव जाग्यावर आहे का, ते बघते. माझ्या जिभेला बोलण्यापलीकडं काही काम नाही असं आमच्या घरातल्यांचं ठाम मत आहे. त्यांना काय माहीत, याच जिभेनं एकोणीस कार्तिक नोकरी केली. बिनपगारी, वरून बोलणी खाऊन. नोकरी देणारी बाई होती कौसाक्का.

कौसाक्काचा मळा आमच्या बांधाला बांध. देवळाली प्रवरेकडून कालव्याच्या कडेनं आलं की दोन्ही अंगांना ऊस, त्याच्यामागं ऊस, आणि त्याच्याही मागं ऊसच. त्या उसाला मधेच पंचवीस गुंठ्यांचं भोक पडल्यासारखं दिसायचं. ते कौसाक्काचं भाजीचं रान. दिवाळी सरली की त्या भोकात काय नसायचं? मेथी, मुळा, कांद्याची पात, कुंपणावर चढलेला वाल, कडेनं घेवडा, आणि हरभऱ्याची कोवळी शेंडं. ती शेंडं दवात खुडायची, म्हणून कार्तिकभर आम्हा बायकांची बोटं पाल्यावरच्या आंबट आंबेनं चिरलेली. गावातली शहाणी माणसं तिला सांगायची, अक्का, ऊस लावा, निवांत बसा.

"ऊस ही काय शेती हाय व्हय?" ती म्हणायची. "लावायचा, आन् वरीसभर फॅक्टरीच्या तोंडाकडं बघत बसायचं. त्यापरीस मी सुनेच्या तोंडाकडं बघीन."

सुनेच्या तोंडाकडं ती कधी बघायची नाही, ही गोष्ट वेगळी. सून मंदा आणि मुलगा बाळासाहेब. मुलगा पन्नाशीला आला, केस गेले, तरी बाळासाहेबच. आमच्या जिल्ह्यात हे असंच असतं.

बाजारात कौसाक्का पोत्यावर बसायची ती पाठ ताठ करून, जणू भाजी घेणाऱ्यांचीच परीक्षा घ्यायला बसली आहे. वांगं दाबून बघणाऱ्याच्या हातावर मुळ्याचा पाला बसायचा. एकदा पुण्याकडची गाडी थांबली. काळ्या चष्म्याची बाई उतरली, दोन बोटांत वांगं धरून म्हणाली, "मावशी, कीड नाही ना आत?"

"हाय की," कौसाक्का म्हणाली. "किडीनं आदी खाऊन बगितलंय, मंग तुमाला इकतीया."

बाई गाडीत बसून गेली. पुढच्या रविवारी परत आली आणि चार किलो घेऊन गेली. कौसाक्काचं असंच होतं. तिचा अपमान एकदा खाल्ला की माणसाला त्याची सवय लागायची.

तर ती वांगी. फिकट जांभळी, अंगावर पांढऱ्या रेघा, देठाला काटे. हातात घ्यायची तर वांग्याची परवानगी लागायची. हे बी कौसाक्काच्या सासूचं, आणि सासूच्या सासूचं. गावात दुसऱ्या कुणाकडं ते नव्हतं, कारण कौसाक्का बी कुणाला द्यायचीच नाही. मागायला आलेल्याला नाही म्हणायची नाही, गोड बोलून दुधी भोपळ्याचं बी द्यायची. दोन महिन्यांनी त्या माणसाच्या मांडवाला भोपळे लागले की विचारायची, "आलं का चांगलं?"

आता बी राखायचं म्हणजे काय, ते शेती न बघितलेल्यांसाठी सांगते. वांगं पहिल्या बहरातलंच झाडावर ठेवायचं, पार पिवळं होऊन मऊ पडेपर्यंत. दोन महिने जातात त्यात. उशीर केला की झाड थकतं आणि बीही तसंच थकलेलं येतं. म्हणजे कोणत्या झाडाचं राखायचं हे कार्तिकातच ठरवावं लागतं. आणि ठरवायचं कशावरून? चवीवरून. इथंच घोटाळा. कौसाक्काच्या घरात आषाढी एकादशीपासून वांगं बंद. ते सुटणार थेट मार्गशीर्षात, सटीला, म्हणजे चंपाषष्ठीला. त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मग आपण खायचं. पंचवीस गुंठ्यांत वांगी पिकवणाऱ्या घराला वांग्याची चव बघायची सोय नाही. असं घर शोधून सापडायचं नाही, आणि आमच्या गावात अशी साठ घरं.

तिच्या सासूच्या राज्यात बी रंगावरून राखलं जायचं. एका वर्षी राखलं, पेरलं, रोपं लावली, पाट्या भरभरून वांगी विकली, घरात कुणी तोंडाला लावलं नाही. सटीला देवापुढं भरीत ठेवलं, तळी भरली, येळकोट झाला आणि पहिला घास घेतल्यावर सगळं घर एकमेकांकडं बघायला लागलं. कडू जहर. देवाला दाखवून झालेलं. आणि महिनाभर गावातल्या माणसांनी ते विकत घेऊन खाल्लेलं, भिडेपोटी कुणी बोललं नाही. कौसाक्का तेव्हा नवी नवरी. तिनं ते मनात धरलं.

सासू गेली आणि कारभार हातात आला त्या कार्तिकात मी तिच्याकडं मेथी खुरपत होते. ती येऊन डोक्यावर उभी राहिली.

"लिले, तुमच्यात वांगं चालतंय न्हवं आत्ता?"

आमचं घर बौद्धांचं. आम्हाला खंडोबा नाही की त्याची सट नाही. आमच्याकडं त्या महिन्यांत वर्षावास असतो, विहारात बसून ग्रंथ वाचायचा. त्यात वांग्यानं कुणाचं वाईट केल्याचं अजून तरी माझ्या वाचनात आलेलं नाही. मी म्हणाले, चालतं की.

दुसऱ्या दिवशी टोपलीत आठ-नऊ वांगी आली. प्रत्येकाच्या देठाला वेगळ्या रंगाची चिंधी, आणि मळ्यात त्या-त्या झाडाला त्याच रंगाची चिंधी. हुकूम असा की नुसतं भाजायचं. तेल, मीठ, मिरची काही नाही. "मसाला घातला की चपलीलाबी चव येती," ती म्हणायची. मग मी बांधावर जाऊन हजेरी द्यायची.

पहिल्या वर्षी मी म्हणाले, "हिरव्या चिंधीचं चांगलं हाय."

"चांगलं तर पुढाऱ्याचं भाषनबी आसतं. चव सांग. घशाला खाजतं का? बी दाताखाली येतं का? दुसऱ्या घासाला काय वाटतं?"

असं एकोणीस वर्षं. त्यात मी इतकी तरबेज झाले की वांगं चुलीवर असतानाच वासावरून सांगायची, हे पाणचट निघणार.

पण एक गंमत होती. हजेरी कधी कधी ती आमच्या दारात येऊन घ्यायची. मी म्हणायची, अक्का, बसा, चहा टाकते. ती म्हणायची, "आत्ताच घेतला." सकाळी सहाला आली तरी आत्ताच घेतला. भर दुपारी उन्हातून आली, घसा कोरडा पडलेला, तरी आत्ताच घेतला. एवढा चहा आत्ताच घेणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. देवाच्या नैवेद्याचं बी ती माझ्या जिभेवर सोडत होती. माझ्या कपबशीचा मात्र तिला भरवसा नव्हता. मी काही बोलायची नाही. चहा विचारायचंही सोडायची नाही. तिला दरवेळी खोटं बोलावं लागायचं, तेवढंच मला समाधान.

मग बाळासाहेबांनी हायब्रीड आणलं. नर्सरीतली रोपं, काळीभोर, तुकतुकीत, सगळी एका मापाची वांगी. टेम्पो भरून माल निघायला लागला. खोटं कशाला बोलू, त्याच वांग्यांनी त्यांच्या घरावर स्लॅब पडला. कौसाक्कानं त्यातलं एक माझ्याकडं पाठवलं, बिनचिंधीचं. मी सांगितलं, ओला कापूस चावल्यावाणी लागतंय. त्यानंतर तीन दिवस ती गावात सगळ्यांशी गोड बोलत होती. लोक घाबरले.

पण वर्षावर्षाला हायब्रीड पसरत गेलं आणि सासूचं वांगं हटत हटत गुरांच्या हौदाजवळ गेलं. शेवटी एक ओळ उरली. नऊ झाडं. शेजारी हायब्रीड असल्यानं त्या नऊ झाडांचाही नेम राहिला नाही. मधमाशा काही जात विचारून फुलावर बसत नाहीत. एका झाडाचं बरं, तर दुसऱ्याचं कडू. म्हणजे निवड चुकली तर पुढच्या वर्षी सगळं कडू, आणि त्याच्या पुढच्या वर्षी काहीच नाही.

आणि नेमका त्याच वर्षी मला तो ताप आला. कोरोनाचा. ताप उतरला, खोकला गेला, पण जाताना चव घेऊन गेला. मिठाची भाकरी आणि बिनमिठाची भाकरी सारखीच. कांदा फोडून तोंडात धरला तरी डोळ्यांना कळायचं, जिभेला नाही. मी घरात कुणाला बोलले नाही. आणि दिवाळीनंतर टोपली आली. नऊ वांगी, नऊ चिंध्या.

भाजली, खाल्ली. नऊच्या नऊ म्हणजे कोमट चिखल. आता सरळ सांगायचं होतं ना, की अक्का, माझी जीभ गेली. नाही सांगितलं. एकोणीस वर्षांची नोकरी जाईल अशी भीती वाटली म्हणा. त्या मळ्यात खुरपायला दहाजणी मिळतील, पण हे काम गावात माझं एकटीचं होतं. मी बांधावर गेले. कौसाक्का पलीकडं तोंडाला पदर बांधून उभी.

"लाल चिंधी," मी म्हणाले.

"कशी हाय?"

"ग्वाड हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "बरं." बस एवढंच. ना घशाचं विचारलं, ना दुसऱ्या घासाचं. मी सुटले असं समजून घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात मी एकटीच होते. मागच्या दारी चुलीपाशी खुडलेला हरभरा निवडत बसले होते. कौसाक्का मागच्या वाटेनं आली. ऐंशीच्या घरातली बाई, काठी नाही, पदराचा ओचा करून तो दोन्ही हातांनी धरलेला. समोर बसली आणि ओच्यातून वांगी काढून ओळीनं मांडली. नऊ. चिंध्यांसकट.

"काल लाल म्हनलीस."

"व्हय."

"ग्वाड म्हनलीस."

"व्हय."

"एकोनीस वर्सांत तू एका वांग्याला ग्वाड म्हनली न्हाईस. खाजतं म्हनलीस, करकरतं म्हनलीस, पानचट म्हनलीस. ग्वाड म्हनायला तू काय माजी सून हायेस?"

मी हरभऱ्यात मान घातली.

"लिले, चव गेलीया तुजी. व्हय का न्हाई?"

"व्हय."

"मंग लाल कशी काडलीस?"

"पयली हाताला लागली."

मला वाटलं आता उद्धार होणार, माझा आणि माझ्या माहेरचा. तिनं वांगी उगाच सरळ केली, जणू ती वाकडी होती. मग म्हणाली, "चूल पेटव."

"अक्का, सट अजून तीन आटवड्यांवर हाय."

"मला कालनिर्नय शिकवू नगंस."

"आन् खंडोबा?"

"त्याला काय सांगायचं त्ये मी सांगीन. सासूच्या राज्यात त्याला कडू भरीत खाऊ घातलंय आमी. आजून बोलत न्हाई त्यो माज्याशी. पुढल्या साली पुन्ना घालू काय?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "आमच्यात भाजता येत न्हाई. भाजल्या वांग्याचा वास काय गप बसतोय? मंदी नाक घिऊन यील. तुमच्यात काय, तुमच्यात तर बारा म्हयनं वास येतोयच."

असा तिचा विनवणीचा सूर. मी चूल पेटवली.

काटक्यांचा जाळ, वर ओळीनं वांगी, त्यांची सालं तडतडायला लागली. धूर तिच्या तोंडावर येत होता तरी ती मागं सरकली नाही. पहिलं वांगं मी सोलून ताटलीत दिलं. माझ्या ताटलीत. तिनं ताटलीकडं क्षणभर बघितलं, मग वांग्याकडं, आणि घास तोंडात टाकला. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून कार्तिकात वांग्याचा घास पहिल्यांदा तिच्या तोंडात गेला असेल. आभाळ कोसळलं नाही. कालव्याच्या कडेनं कुणाचा तरी ट्रॅक्टर गाणं लावून गेला, एवढंच.

निळं खाजलं. हिरवं पाणचट. लाल तोंडात घातलं आणि थुंकलंच.

"लाल! लाल म्हनं!" डोळ्यांना पाणी आलं तिच्या. "अगं ह्ये खाऊन मानूस जेजुरीची पायरी न चढता वर जाईल!"

मला हसू आलं आणि त्याच्याच मागून रडू. माझ्या एका शब्दानं सासूचं, सासूच्या सासूचं बी त्या वर्षी संपणार होतं. तिच्या लक्षात आलं असावं, पण तिनं धीर दिला नाही. धीर देणं तिला जमायचंच नाही. म्हणाली, "रडू नगं, वांग्यात पानी पडतंय."

सहावी पिवळी चिंधी. पहिला घास घेतला. दुसरा घेतला. तिसरा. डोळे मिटलेले, तोंडावर धूर. मी वाट बघत राहिले. तिनं सगळं वांगं संपवलं आणि देठ चोखून बाजूला ठेवला.

"अक्का, ही चव घेतली का जेवन क्येलं?"

"गप. पिवळी."

"दुसऱ्या घासाला काय वाटतं?" मी विचारलं. एकोणीस वर्षांत मला हे पहिल्यांदा विचारायला मिळालं.

ती चुलीकडं बघत म्हणाली, "सासू आटवली. मरूंदे, दुसरं भाज."

उरलेली तीनही तिनं चाखली, कारण काम अर्धं टाकायची तिला सवय नव्हती. पिवळीच ठरली. मग हात धुऊन ती उठेल असं मला वाटलं. ती उठली नाही. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. माझ्या मांडणीवरच्या कपांकडं बघितलं.

"लिले, चहा न्हाई व्हय गं तुमच्यात?"

आता मला गप्प बसता आलं असतं. पण एकोणीस वर्षांचं तुंबलेलं होतं. मी म्हणाले, "मला वाटलं, तुमी आत्ताच घेतला आसंल."

तिनं पदरानं तोंड पुसलं, परत पुसलं.

"न्हाई," ती म्हणाली. "आज न्हाई घ्येतला."

मी चहा टाकला. ती बशीत ओतून, फुंकून प्यायली. बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "पानचट हाय." माझ्या जिभेला काही कळत नव्हतं, त्यामुळं वाद घालायचीही सोय नव्हती.

तीन आठवड्यांनी सट आली. त्या सकाळी मी त्यांच्या अंगणात मेथीच्या जुड्या बांधायला बसले होते. नैवेद्य झाला. मंदानं सासूला सगळ्यांआधी भरीत-रोडगा वाढला. पाव्हणेरावळे बसलेले. कौसाक्कानं घास घेतला, डोळे मिटले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पाच म्हयन्यांनी तोंडाला लागलं गं बाई!" मग एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं. मी जुडी इतकी आवळली की मेथीच्या काड्या मोडल्या.

कुणाला वाटेल, त्या दिवसापासून ती सुधारली. छे. पुढच्या दारानं आली, की रस्त्यानं जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात "आत्ताच घेतला" चालूच. मग घराला वळसा घालून मागच्या दारी यायची, आणि चुलीपाशी बसून दोन बशा प्यायची. मी चिडायची. पण दोन कप टाकायची.

पौष सरता सरता पिवळ्या चिंधीचं वांगं झाडावर पिवळंजर्द होऊन लोंबायला लागलं. तिनं ते उतरवलं, फोडलं, बी धुऊन सुकवलं, राखेत कालवलं. आणि एका सकाळी राखेनं भरलेली औषधाची बाटली घेऊन आली. बाटलीच्या गळ्याला तीच पिवळी चिंधी.

"निम्मं हाय. घरात ठिवलं तर बाळासायब किडीचं औषद म्हनून फवारील."

मी चिंधी सोडून बाटली डोळ्यांजवळ नेली. बी वांग्याचंच होतं ना, ते बघायला. तिच्या लक्षात आलं. "भोपळ्याचं न्हाई गं," ती म्हणाली.

त्यानंतर मी लेकीच्या बाळंतपणाला शेवगावला गेले, ती दोन महिने अडकले. तिथंच फोन आला, की कौसाक्का गेली. सकाळी मेथीला पाणी धरलं, दुपारी जरा पडते म्हणाली, आणि पडली ती पडलीच. तिचं निम्मं बी फवारलं गेलं की कुठं गेलं, बाळासाहेबांना आजही सांगता येत नाही. हौदाजवळच्या जागेवर आता पाण्याची टाकी आहे. माझ्या चार गुंठ्यांत मात्र दर कार्तिकात फिकट जांभळी वांगी लागतात, काट्यांची, रेघांची. माझी चव बरीचशी परत आली आहे. पिवळीच बरोबर होती. आणि बी मागायला कुणी आलं तर मी भोपळ्याचं देत नाही. मंदाला दिलं, तेव्हा मात्र हात जरा थांबला, खोटं बोलत नाही.

पण मला कौसाक्का दिसते ती बाटली देऊन गेली त्या सकाळची. पुढच्या दारात, रस्त्यावरून जाणाऱ्या बायकांसमोर तिनं खणखणीत आवाजात सांगितलं, "चहा? आत्ताच घेतला!" मग मागून आली, दोन बशा प्यायली, पानचट म्हणाली, आणि बांधावरून निघाली. थंडीत पाठ ताठ, एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला हरभरा. तिच्या मळ्याची हद्द जिथं लागते तिथं ती थांबली. मंदा पलीकडं पात उपटत होती. कौसाक्कानं पदराचं टोक घेतलं, ओठ एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून नीट पुसले, पदर डोक्यावर घेतला, आणि मगच आपल्या रानात पाय टाकला.